चारशे बारा नेचे

३ तारीख, सकाळ
हिला जाऊन दोन महिने झाले. मी व्यवस्थित आहे. हिने आयुष्यभर फर्नची पानं वाळवून कागदांवर चिकटवली. ही त्यांना नेचे म्हणायची. ते सगळे आता कॉलेजच्या वनस्पती विभागाला द्यायचे आहेत. तिथल्या मॅडम म्हणाल्या, वर्गवारी लावून वीस तारखेपर्यंत आणा, नाहीतर जागा दुसऱ्या संग्रहाला जाईल. चारशे बारा कागद. मी तीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली आहे. आठवडा पुरे.

५ तारीख
हिच्या वहीत वर्गीकरणाचा इतिहास आहे. फूल नाही, बी नाही अशा वनस्पती जुन्या शास्त्रज्ञांनी एकाच शेवटच्या वर्गात कोंबल्या. शेवाळं, नेचे, बुरशी, सगळं. आमच्या ऑफिसात अशा फायलींवर ‘इतर’ लिहीत. पुढचं पान उद्या.

९ तारीख
वही वाचली नाही. हिचं अक्षर बघितलं की डोळ्यांत पाणी येतं. चष्म्याचा नंबर बदलला असणार. कागद पानांच्या लांबीप्रमाणे लावतोय.

१० तारीख
लेक म्हणाली, बाबा, दुकानात बूट मांडल्यासारखे दिसतायत. दुर्लक्ष केलं. माझ्या हाताखाली पंधरा माणसं होती.

१२ तारीख
पानं उलटी चिकटवली आहेत, मागच्या बाजूला तपकिरी ठिपके. कागदावर भुकटी. कीडच. हिच्या आजारपणात कोणी बघितलं नाही. मी बघायला हवं होतं. टूथब्रश घेतला.

१८ तारीख
तीनशे नव्वद खरवडून स्वच्छ. बावीस राहिले. कंबर धरली आहे, आळस नव्हे. लेक मदत करते म्हणाली. हे काम माझं आहे.

२० तारीख, दुपार
मॅडमनी भिंग लावून बरेच कागद पाहिले. मग हळूच म्हणाल्या, काका, ठिपके कुठे गेले? कीड काढली म्हटलं. त्या म्हणाल्या, ते बीजाणूंचे पुंजके होते. नेच्यांना बी नाही, म्हणून ठिपके कुठे आहेत, गोल की लांबट, वर झाकण आहे का, यावरूनच शास्त्रज्ञ शेकडो वर्षं त्यांची घराणी लावत आले. हिची वही सोबत नेली होती; मी थांबलो त्याच्या पुढच्याच पानावर ते लिहिलंय, त्यांनीच दाखवलं.
बावीस ठेवून घेतले. बाकी परत.

संध्याकाळ
लेकीला सांगितलं, त्यांच्याकडे जागा कमी आहे. ती फडकं घेऊन टेबल पुसायला आली. कडेला अजून तपकिरी भुकटी होती.
राहू दे म्हटलं.