शिमग्याच्या गाऱ्हाण्यात तीन नावं

आणि वर आप्पा मानकरी मलाच सांगतात, "वहिनी, चावडीपुढं सरकारनं दगड लावलाय ना, मग झालं की." काय झालं? दगडावर एवढंच कोरलंय की या गावातून अकरा माणसं मोठ्या लढाईला गेली, त्यांतली तीन कामी आली. कोण तीन? बकऱ्या मोजाव्या तशी माणसं मोजली. त्या दगडावर शेजारची आनंदीबाई सुकट वाळत घालते. परगावच्या दोघीजणी तर देव समजून नारळ फोडून गेल्या. तो नारळही आनंदीबाईनेच आमटीला नेला.

म्हणून मी, राहीबाई, कैलासवासी महिपत रेवाळे यांची बायको, राहणार कातळवाडी, पावसजवळ, शिक्षण मराठी दुसरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघा नाही, पण कायद्याला गुडघा लागत नाही. मला कोणी भरीस घातलेलं नाही. मला भरीस घालणारा अजून जन्मायचा आहे.

पहिलं. घर माझी भाची चिमा हिला. माझा भाऊ दादू बोटीवर खलाशी, त्याची ही मुलगी. घर तिच्या एकटीच्या नावाने करावं. जावई चांगला आहे, पण चांगलं दूधही नासतं.

दुसरं. कोयती, विळी आणि मासळीच्या टोपल्या गोदूबाईला, कारण ती उसन्या नेऊन परत देत आली. आनंदीबाईला माझी नवी चटई. सुकट तिच्यावर वाळव बाई, दगड मोकळा कर.

तिसरं. सरकारने नवरा नेला आणि बदली काशाची चकती धाडली. तिच्यावर सिंह, एक बाई आणि इंग्रजीत महिपतचं नाव. आजवर ती लोणच्याच्या बरणीवर ठेवली. वजनाला बरी आहे. अशीच चकती आप्पांच्या घरी आली, त्यांच्या धाकट्या भावाची, सदूची. अशीच महारवाड्यात गंगूबाईला आली, तिच्या नवऱ्याची, भागोजीची. तिन्ही मी शेजारीशेजारी ठेवून बघितल्या. नाव सोडलं तर तसूभर फरक नाही. माझी चकती चिमाला, बरणीसकट.

चौथं, आणि हे नीट वाचावं. दादू सगळा मुलूख फिरलाय. तो सांगतो, फ्रान्सात गावोगाव खांब उभे केलेत आणि मेलेल्या प्रत्येकाचं नाव कोरलंय, गवंड्याचंही आणि जमीनदाराचंही. पॅरिसात एका शिपायाचं नाव कुणालाच ठाऊक नाही, तर त्याच्या थडग्यावर दिवा विझू देत नाहीत. इथे नावं ठाऊक असून कोणी घेत नाही. ऑस्ट्रेलियात लढून आलेले म्हातारे बिल्ले लावून बँडामागून चालतात. आमचा शिवा त्याच लढाईतून परत आला, त्याला पालखीपुढे अब्दागीर धरायलासुद्धा कोणी बोलावलं नाही. विलायतेत वर्षातून एकदा सगळे दोन मिनिटं गप्प उभे राहतात. दादू धक्क्यावर बोटीचा गंज खरवडत होता, तो एकटाच खर्रखर्र करीत राहिला आणि सगळा धक्का त्याच्याकडे बघत बसला.

गप्प राहणं आपल्याला जमायचं नाही. महिपत शिमग्यात ढोल वाजवायचा, त्याला असं गप्प उभं राहणं आवडायचंही नाही. आपली रीत वेगळी आहे. देवीची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की आप्पा देवीला गाऱ्हाणं घालतात, गावाचं बरं मागतात, आणि सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणून ओरडतो. त्यात या तिघांची नावं घ्यावीत, एवढंच माझं मागणं.

गेल्या साली विचारलं तर आप्पा म्हणाले, "महिपतचं घेतो, सदूचं घेतो. भागोजीचं देवीपुढं कसं घेऊ, वहिनी?"

मी म्हटलं, "शिवा सांगतो, तिकडे लढाईवर वाळूत पाण्याची एकच पखाल होती. तुमचा सदू तिच्यातलंच प्यायला, भागोजीही तिच्यातलंच."

"तो परमुलूख."

"परमुलूख देवीला दिसत नाही काय? मग मी नवस उगाच केले."

आप्पा पान चघळत राहिले. अजून चघळतायत.

तर कातळावरची माझी हापूसची बाग, बावडीसकट. ती सासरच्या वाटणीतली नाही, मी सुकी मासळी विकून घेतलेली आहे, भाऊबंदांनी तोंड घालू नये. येत्या शिमग्याला तिन्ही नावं एका दमात घेतली, तर माझ्यामागे बाग देवीला. एकही गाळलं तर बाग आणि बावडी गंगूबाईला. आप्पांच्या बागेला पाणी त्याच बावडीचं जातं, हे त्यांना सांगायला नको. मग वर्षातून एकदा भागोजीचं नाव घ्यायचं, की रोज सकाळी गंगूबाईला पाणी मागायचं, ते त्यांनी ठरवावं. गंगूबाई नाही म्हणणार नाही. ती माझ्यापेक्षा भली आहे.

मरायची मला घाई नाही. गाऱ्हाणं मला माझ्या कानांनी ऐकायचं आहे.

सही: राहीबाई महिपत रेवाळे
साक्षीदार: हरिश्चंद्र, टपालवाला, सही. काशीराम, शिंपी, डाव्या हाताचा अंगठा.
मुक्काम कातळवाडी, जिल्हा रत्नागिरी. माघ वद्य षष्ठी, शके १८५५.

याची एक नक्कल आप्पांच्या दारी हरिश्चंद्र टाकील. आप्पा, निरोप्या पाठवू नका. फाकपंचमीला पहिली होळी पेटायच्या आत स्वतः माझ्या अंगणात या आणि होय की नाही, ते सांगा.