टाकीच्या आतला हात

दि. ४ मार्च

प्रिय भाऊजी,

आशीर्वाद. जाऊबाईंचा गुडघा आता बरा असेल आणि तुमच्या दाताच्या दवाखान्यात नेहमीसारखी रडारड चालू असेल, असं धरून चालते. इकडे आम्ही ठीक. ह्यांची तब्येत उत्तम, भूक उत्तम, सकाळचा फेरफटका नियमित. मीही सोबत जाते. मला तेवढाच व्यायाम.

विमान अजून आहे. तुम्ही विचारणार नाही, म्हणून मीच सांगते. शेपूट जेवणाच्या खोलीत कपाटामागे उभं आहे, उजवा पंख गॅरेजच्या भिंतीला टेकलाय आणि बाकीचे पत्रे आमच्या पलंगाखाली. सवत अशी तुकड्यातुकड्यांनी घरात येणार हे लग्नात कुणी सांगितलं असतं, तर मी आधी खोल्या बघून घेतल्या असत्या.

हल्ली तुमची फार आठवण निघते. मी नवी नवरी म्हणून आले, त्याच आठवड्यात तुम्ही दोघांनी गच्चीवरून रबराचं विमान सोडलं होतं. ते थेट समोरच्या न्हाव्याच्या दुकानात शिरलं आणि तोंडाला साबण लावलेलं गिऱ्हाईक तसंच रस्त्यावर पळालं. सासूबाई कडाडल्या, तेव्हा दोघांनीही एका क्षणात माझ्याकडे बोट दाखवलंत! मी बोलणी खाल्ली. संध्याकाळी तुम्ही दोघे चोरासारखे स्वयंपाकघरात आलात आणि न सांगता भांडी घासायला बसलात. त्या दिवशी मी या घरची झाले असं मला वाटतं.

पुढे पेट्यांमधून घरी जोडायचं खरं विमान आलं, तेव्हाही तेच. तुम्ही दर रविवारी यायचात, गॅरेजमध्ये रेडिओ लागायचा, त्यावर तुमचं बेसूर गाणं, आणि ह्यांचं ओरडणं, "धाकट्या, गाणं तरी नीट म्हण नाहीतर रिवेट तरी नीट धर!" शेजारीण मला विचारायची, तुमच्याकडे भांडणं चालतात का हो? मी म्हणायची, नाही, प्रेम चाललंय.

गेल्या महिन्यात ह्यांनी उजव्या पंखाची इंधनाची टाकी हातात घेतली. डावी तशीच चादरीखाली आहे.

तुम्हाला टाकीचं काम सांगायला नको, पण मी आता त्यातली झालेय, म्हणून जरा मिरवते. पंखाच्या पुढचा तो वळवलेला पत्रा पाळण्यासारख्या लाकडी साच्यात उभा करायचा, आत एकेक बरगडी बसवायची. बसवण्याआधी तिच्या कडेला गळती अडवणारा तो करडा लेप फासायचा. काय तो वास! कुजकी अंडी बरी. लेप माझ्या केसांत आहे, दाराच्या मुठीला आहे, मांजराच्या शेपटीलाही आहे. मग चिमट्यांनी बरगडी जागेवर धरायची आणि एकेक चिमटा काढत रिवेटचे खिळे ठोकत जायचं. हे बाहेरून रिवेट ठोकायची गन चालवतात. मी खांद्यापर्यंत हात आत घालून रिवेटच्या बुडाला पोलादी ठोकळा धरते. दोघांच्या तोंडाला मास्क, डोळ्यांना गॉगल, कानांवर आवाज अडवणारी ती मोठाली बोंडं. बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून पत्र्यावर टकटक. एकदा म्हणजे झाला, दोनदा म्हणजे अजून मार. खूण तुमचीच.

मधल्या एका बरगडीपाशी ह्यांनी गन थांबवली, माझ्या कानावरचं एक बोंड उचललं आणि म्हणाले, "धाकट्या, आज हात हलका पडतोय. दमलास का?"

मला वाटलं थट्टा करतायत. मी डोळ्यांकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

मास्क खाली करून "अहो, मी आहे" म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. पत्र्यावर एकदा टकटक केलं. हे खुशीत हसले आणि पुढचा रिवेट घेतला.

आता लिहितेच. सकाळी मी सोबत जाते ती व्यायामासाठी नाही. थंडीत एकदा हे पाव आणायला गेले आणि दोन गल्ल्या सोडून एका बाकावर बसून राहिले. पोस्टमनने ओळखून घरी आणलं. वर हे मलाच म्हणाले, "या गृहस्थांना चहा दे, रस्ता चुकलेत बिचारे." डॉक्टर म्हणतात, विसरणं वाढत जाणार. घरात खणाखणावर मी चिठ्ठ्या लावल्यात. माझं नाव कधी असतं, कधी नसतं. पण गन हातात दिली की हात काही विसरत नाहीत. तेवढा वेळ मला माझा नवरा सापडतो, मग त्याने मला काहीही हाक मारू दे.

डावी टाकी गळली त्या दिवशीचं मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. हे तुमच्यावर ओरडले, "तुझ्या हातून आजवर काही धड झालंय का?" तुम्ही ठोकळा खाली ठेवलात, हात धुतलेत, माझा चहा घेतलात आणि गेलात. त्यानंतर नुसती वाढदिवसाची दोन ओळींची पत्रं. भाऊजी, ह्यांना ते भांडण आठवत नाही. मी आडून आडून विचारून पाहिलं. उलट हेच मला विचारतात, "धाकटा रविवारी का येत नाही गं?" आता ते भांडण फक्त तुमच्याकडे आणि माझ्याकडे उरलंय. माझ्याकडचं मी टाकून दिलं.

शेवटच्या दोन बरगड्या आणि मागचा पत्रा राहिलाय. माझ्या मनगटात तेवढा जोर नाही. उडवायचं कुणी, ते पुढे बघू. आपण नाही उडवणार, हे एका चांगल्या दिवशी ह्यांनीच मला सांगितलं आणि वर म्हणाले, "पण अर्धवट नको."

फोन करू नका. फोन वाजला की हे माझ्या शेजारी येऊन उभे राहतात. तुम्हीच या.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून,
वहिनी


दि. २९ मार्च

प्रिय भाऊजी,

तुम्ही परत घरी सुखरूप पोचल्याचं कळलं. जाऊबाईंनी दिलेला स्वेटर ह्यांनी अंगातून काढलेला नाही.

दारात ह्यांनी तुम्हाला "या पाहुणे, बसा" म्हटलं, तेव्हा तुमच्या तोंडाकडे मला बघवेना. पाणी आणायला आत गेले ती त्यासाठीच. बाहेरचं ऐकू येत होतं.

"आपण काय करता?"

"दात काढतो."

"अरे वा! माझा भाऊसुद्धा तेच करतो. फार गुणी आहे, जरा तापट."

तुम्ही "हो का?" म्हणालात. त्या "हो का"साठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

गॅरेजमध्ये पुढचं तुम्हीच अनुभवलंत, पण मी दाराशी उभी होते, म्हणून मला जे दिसलं ते सांगते. तुम्ही मास्क, गॉगल चढवून आत हात घातलात. पहिला रिवेट बसला आणि ह्यांनी गन खाली केली. तळहात पत्र्यावर ठेवला, अगदी जिथे आतून तुमचा हात होता तिथे. म्हणाले, "आलास होय? किती उशीर केलास रे." तुमच्या कानांवर बोंडं होती, तुम्हाला ऐकू आलं नसणार असं मला आधी वाटलं. पण टकटक यायला फार वेळ लागला. तेव्हा समजलं, तुम्हाला ऐकू आलं होतं.

तुम्ही गेल्यावर ह्यांनी विचारलं, "ते पाहुणे कोण होते? बरे वाटले." मी म्हटलं, "आपलेच आहेत."

काल टाकी तपासली. तोंडाला फुगा लावून हवा भरली, सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवलं. एक बुडबुडा नाही. आज सकाळी फुगा तसाच टम्म होता. विमानाच्या तपासणीचे साहेबही बघून गेले. हे बराच वेळ टाकीपाशी बसून होते. मग स्वयंपाकघरात आले. चेहरा स्वच्छ, अगदी पूर्वीसारखा. मला नावाने हाक मारली आणि म्हणाले, "धाकट्याने काम चोख केलंय. मी त्याला तसं कधी सांगितलं का गं?"

मी म्हटलं, "मी कळवते."

"कळव. आजच लिही, मी विसरेन."

म्हणून हे पत्र. भाऊजी, तुमच्या दादाने सांगितलंय, काम चोख झालंय.

ह्यांच्या वतीने, ह्यांच्याच शब्दांत,
वहिनी