अल ऐनला जायचं चाललंय

लेटरकेनी, आयर्लंड,
१२ फेब्रुवारी २०१६

सौ. मंदाकिनी हिला खूप आशीर्वाद.

मी बरा आहे. इथे पाऊस हटत नाही, पण घर गरम असतं. तू दम्याचं औषध वेळेवर घेतेस ना?

आपल्या वैदेहीने अल ऐन नावाच्या शहरातल्या इस्पितळात नोकरीसाठी अर्ज केलाय. दुबईपासून गाडीने दीड तास. शहर दुबईपेक्षा लहान, पण वाढतंय. चहूकडे वाळवंट, हवा एकदम कोरडी.

ऐकून मी सूनबाईवर चिडलोच. म्हटलं, "इथे एवढं बस्तान बसलंय, ते उठवता कशाला?"

हृषीकेश हसायला लागला. "बाबा, तिकडे उंट अंगावर येत नाहीत हो!"

वैदेही मात्र हळू म्हणाली, "बाबा, इथली ओल आईंच्या दम्याला सोसणार नाही. म्हणून पाच वर्षांत त्या एकदाही आल्या नाहीत. तिकडे आपल्याबरोबर राहतील. शेवग्याच्या शेंगासुद्धा मिळतात म्हणे."

दुसऱ्याच्या पोटची पोर, पण किती जीव लावते बघ!

आता एक सांगतो, रागावू नकोस. ही नोकरी मिळू नये म्हणून मी चिडलो तेव्हाच आपल्या गावच्या मारुतीला नारळ बोललोय. फोनवर कसं सांगू, सगळे ऐकतात. इस्पितळाचं उत्तर महिनाअखेरीस येईल. पत्र मिळालं की लगेच देवळात जा आणि सांग, "आमच्या ह्यांचं मनावर घेऊ नकोस."

नारळ दोन ने. एक माफीचा, एक नोकरीचा.

तुझाच,
रघुनाथ