चाळीस म्हणजे किती

सर,

मी दाराजवळच्या शेवटच्या पट्टीवर बसायची. दिवाळी झाली की आईबापाच्या मागं ऊसतोडीला जायची आणि ऊन तापायला लागलं की परत यायची. अशा पोरी तुमच्या वर्गात बऱ्याच होत्या, त्यामुळं मी तुम्हाला आठवत असेन असं काही नाही. मला मात्र तुम्ही लई आठवता, आणि चांगलं म्हणून नाही.

सातवीचं वर्ष. मी कारखान्यावरून आले तोवर तुमचा उष्णतेचा धडा होऊन गेलता. शाळा सुटल्यावर मी तुमच्यापाशी आले. तुम्हाला युसूफ वडगावच्या बाजाराला जायची घाई, गाडीला पिशवी अडकवत होता. मी म्हणाले, "सर, ते सेल्सिअसचं फॅरनहाइट कसं करायचं, तेवढं सांगा की." तुम्ही माझ्याकडं न बघताच म्हणालात, "तुला कावून पायजे गं? फडात काय थर्मामीटर लावून ऊस तोडत्येत का?" पोरं हसली. मीपण हसले, सर बोलले की हसायचं असतं म्हणून. तुम्ही किक मारली आणि गेलात. पुढच्या वर्षी माझी शाळा सुटली, मग लग्न झालं, आणि आम्ही नवरा-बायको मिळून एक कोयता झालो. आमच्यात जोडीलाच कोयता म्हणतात. एक बसला की दुसऱ्याचंही काम थांबतं.

तर फडात थर्मामीटर आला, सर. आमच्या खोपट्यांच्या तळावर आरोग्य शिबिर झालं, त्यात आमच्या टोळीला आकडे दाखवणारा एक मिळाला. माझी पोरगी तेव्हा नुकती बोलायला लागलती. एका सकाळी तिचं अंग असं तापलं की हात ठेववेना. मुकादम म्हणाला, "शंभराच्या वर गेला तर सांग, गाडी देतो. उगं खाडा करू नको." गावाकडच्या डॉक्टरकडं आम्ही तापाचे आकडे असेच ऐकलेले, शंभर, एकशे दोन. मी तिच्या काखेत थर्मामीटर धरला. चाळीस. मी बघतच राहिले. आपल्याकडं वैशाखात चाळीस तर रोजचंच, त्यात आपण हिंडतो, बाजार करतो. आणि चाळीस म्हणजे शंभराच्या निम्मंसुद्धा नाही. माझा हात वेगळं सांगत होता, पण आकड्यापुढं माझ्या हाताचं काय खरं, एवढं तर शाळेनं शिकवलंच होतं. मी मुकादमाला म्हणाले, "चाळीस हाय." तो म्हणाला, "मग काय झालं, पाणी पाज." मी मोळ्या बांधतेय आणि ती पाचटावर माझ्या ओढणीखाली पडलीय, हाका मारतेय, मग मारायची थांबलीय. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला झटके आले.

दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "बाई, चाळीस म्हणजे एकशे चार. थांबलात कशाला?" तपासणीत मेंदूज्वर निघाला. पुढं पोरीचा मेंदूज्वर उतरणीला लागल्यावर त्यांनीच मला शिकवलं. आकडा दुप्पट करायचा, त्यातला दहावा हिस्सा काढून टाकायचा, बत्तीस मिळवायचे. एवढंच होतं का, सर? गाडीला पिशवी अडकवता अडकवता सांगून झालं असतं. पोरगी वाचली. उजवा कान गेला, डाव्यानं थोडं ऐकू येतं.

गावी परत आले ती सरळ तुमच्या घरी, भांडायला. काय काय बोलायचं ते वाटेत ठरवलतं. भिंतीवर तुमचा फोटो, त्याला हार. तुम्ही त्याच थंडीत गेलता. तुमच्या घरच्या बाईंनी विचारलं, "सरांची विद्यार्थिनी का?" मी हो म्हणाले. त्यांनी चहा दिला, तो प्याले आणि आले. हा कागदही त्यांच्या हातात देणार नाही, त्यांनी माझं काय वाईट केलंय. लोक म्हणतात दोष मुकादमाचा. असेल. पण मुकादमाकडून मला काही शिकायचं नव्हतं. शिकायचं होतं ते तुमच्याकडून, आणि तोंड उघडून मागितलंही होतं. ह्याचा राग अजून गेला नाही, आणि तुम्ही मेलात म्हणून तो का जावा?

आता मी कोयता सोडला. शाळेत पोरांची खिचडी शिजवते, म्हणजे माझ्या पोरीचा एकही धडा बुडत नाही. काल ती पुस्तकातला उष्णतेचा धडा उघडून चुलीपाशी आली. "आमचे सर फळ्याकडं तोंड करून बोलत्यात, आई. मला ऐकूच आलं न्हाई. तुला येतं का हे?" मी तिच्या डाव्या अंगाला बसले आणि सावकाश, तिला माझे ओठ दिसतील असं सांगितलं. तिनं पंचवीसचं गणित घेतलं, सत्त्याहत्तर आलं. तिनं मागं उत्तर बघितलं आणि अशी हसली की काय सांगू.

"तुला कुणी शिकवलं गं?"

"आमच्या सरांनी," मी म्हणाले. खोटं बोलले. तिला सकाळी शाळेत जायचं होतं.