पेटीवरचा टॅग

२९ ऑक्टो., बुध.

ऑफिसचा मेल. पुण्याचं ऑफिस पुन्हा भरणार, १ डिसेंबरपासून सगळ्यांनी हजर. ज्यांना घरूनच करायचंय त्यांच्या लाइनची तीन आठवडे परीक्षा. सोम ते शुक्र, रोज तीनदा (१०, २, ५) कंपनीचं मीटर लॅपटॉपवर आपोआप स्पीड मोजणार. पन्नासच्या वर हिरवी खूण, खाली लाल. सात लाल माफ. आठवी झाली की पुणे. पास झालं तर 'कायम घरून' असं पत्र.

कायम. तीनदा वाचला हा शब्द.

बाबांना सांगितलं नाही. आई गेल्यापासून पोलाद कारखान्याच्या या गावात, कुरुदच्या घरात आम्ही दोघंच. पॅरालिसिसनंतर त्यांचा उजवा हात भरवशाचा नाही. मी गेले तर यांच्या हातात चहा कोण देणार? तेव्हा प्रश्नच नाही. पास व्हायचं.

३१ ऑक्टो., शुक्र.

माझ्या खोलीत स्पीड ११. प्लॅन दोनशेचा! लॅपटॉप डोक्यावर धरून घरभर फिरले. हॉलमध्ये १९, स्वयंपाकघरात ७, गच्चीच्या जिन्यात शून्य. कंपनीच्या लॅपटॉपला तारेची खोबण नाही, बाहेरचं काही जोडायची परवानगीही नाही. म्हणजे वायफायवरच काय ते. केबलवाल्यांकडे तक्रार टाकली.

आज "कल्पे" एकतीस वेळा. मोजले. चष्मा, रिमोट, गोळी, आणि "कल्पे, कुत्रं भुकून रायलं, पाह्य बरं." ऑफिसच्या कॉलवर होते. समोरच्या बाईला पण कुत्र्याचं कळलं.

१ नोव्हें., शनि.

लाइनमन साहूजी आले. वय साठीच्या आसपास, खांबावर मात्र माकडासारखे चढतात. खिडकीच्या चौकटीत फायबरची तार खिळ्याखाली चेपली होती, ती सोडवली. "मैडम, ये तार काँच की है, मुड़ी तो रोशनी रुकी."

मग राउटर बघायचा म्हणाले. बाबांनी करगोट्याची किल्ली काढली, पेटी उघडली. साहूजी बघतच राहिले. कोण नाही बघत? राउटरला दोन एमएम पत्र्याची पेटी, करडा रंग, कडी-कुलूप, वर लाल विजेचं चिन्ह. आधीचा राउटर उंदरांनी खाल्ला तेव्हा बाबांनी ही करवून घेतली. ड्रॉइंग डाव्या हाताने काढलं, आठ दिवस लागले. नंदिनी रोडच्या फॅब्रिकेशनवाल्याला दोनदा परत पाठवलं, कोपरा काटकोनात नाही म्हणून. विश्वकर्मा पूजेला नारळ फोडून बसवली. कुंकू अजून आहे. आजारपणानंतर त्यांनी केलेलं पहिलं काम.

साहूजींनी मोजलं, १८८. टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या. चहा घेऊन गेले. मी पण निश्चिंत.

३ नोव्हें., सोम.

१० लाल. २ लाल. ५ लाल.

साहूजींना फोन. "मेरे सामने तो आया था मैडम." आलं होतं खरं.

४ नोव्हें., मंगळ.

१० ला हिरवी! देवाला साखर ठेवली. २ लाल, ५ लाल. साखर मुंग्यांनी नेली.

एकूण पाच.

५ नोव्हें., बुध.

कळलं. सकाळी कपडे वाळत घालताना डोक्यात उजेड पडला. साहूजी आले तेव्हा पेटीचं दार उघडं होतं. काल मंगळवार. मंगळवारी बाबा नेमाने पेटी उघडून आत कपडा मारतात. दहाला दार उघडं होतं, जेवायच्या आधी लावलं.

किल्ली मागून घेतली, मोजलं. दार उघडं: माझ्या खोलीत ९४. बंद: ११. पाच वेळा करून बघितलं.

लोखंडाच्या गावात जन्मले, लोखंडाच्या पगारावर वाढले, आणि लोखंड आडवं येतं हे कळायला पाच लाल लागल्या.

बाबांना म्हटलं, दार उघडं ठेवू.
"पॅनलचं दार उघडं नसते ठेवाचं."
"बाबा, हे पॅनल नोहे, राउटर आहे."
"करंट जाते का नाही याच्यात? मंग पॅनलच."
"मंग राउटर बाहेर ठेवू."
"मंग पेटी कायले बनवली?"

हे विचारताना त्यांचा चेहरा पडला. शेवटी बाबांनी दिवसा उघडं ठेवायचं कबूल केलं. दहाला हिरवी, पण दोनला लाल. मी कॉलवर असताना बाबांनी जाऊन दार लावलं. आठवणीने नाही, सवयीने. छत्तीस वर्षं प्लांटच्या इलेक्ट्रिकल शॉपमध्ये, उघडं पॅनल दिसलं की हात आपोआप जातो.

सहा.

६ नोव्हें., गुरु.

पेटीच्या दारात स्टूल लावलं. १० हि., २ हि. पाचच्या आधी स्टूल जागेवर गेलं, दार बंद, कुलूप. लाल.

ओरडले मी. खूप ओरडले. "तुमाले समजत कावून नाही?" बाबा डाव्या हाताने उजवा हात धरून बसून राहिले. नंतर म्हणाले, "ध्यानात नाही रायत, बाई." जेवण दोघांनाही गेलं नाही.

सात. आता एकही नाही.

७ नोव्हें., शुक्र.

सकाळी बाबांची पत्र्याची ट्रंक उघडली. मला आठवत होतं ते सापडलं: प्लांटातले लाल पुठ्ठ्याचे टॅग, दोरा ओवलेले. 'काम चालू है, स्विच मत छेड़ो.' खाली तीन रकाने: नाम, काम, कब तक. लहानपणी हे घेऊन घर-घर खेळायचे. तेव्हा बाबा सांगायचे, लाइनवर काम करणारा आपल्या नावाचा टॅग लावतो, आणि तो दुसरं कोणी काढत नाही. साहेब असला तरी नाही.

नाम: कल्पना बोरकर. काम: नोकरी. उघड्या दाराच्या कडीला बांधला, गाठ मारली.

बाबा काठी टेकत आले. चष्मा लावून वाचलं.
"कोणाचा?"
"माहा."
"मंग 'कब तक' कावून रिकामं? असा टॅग चालत नाही."

'२१ नोव्हें.' लिहिलं. परीक्षेचा शेवटचा दिवस. मान हलवून गेले. दिवसभर पेटीजवळून चार वेळा तरी गेले असतील, हात लावला नाही. तिन्ही हिरव्या.

एवढं सोपं होतं.

१० नोव्हें., सोम.

हि. हि. हि. साहूजींनी फोनवर सांगितल्याप्रमाणे राउटरच्या दोन वायफायपैकी नावात पाच असलेल्यावर जोडलं. आता ११८. "वो तेज़ है मैडम, पर दीवार से डरता है." माझ्यासारखाच म्हणायचा, फक्त मी तेज़ नाही.

१२ नोव्हें., बुध.

सगळ्या हिरव्या. मग मला राग कशाचा येतोय? भाजी करपली, त्याचाही राग. खिडकीच्या गजांचा राग. तेही त्याच फॅब्रिकेशनवाल्याचे, त्याच करड्या रंगात.

कुरुदच्या बाहेर शेवटची कधी पडले ते आठवत नाही. सिव्हिक सेंटरच्या बाजारात गणपतीच्या आधी गेले होते बहुतेक. बाबांचं औषध, तेही आता घरपोच येतं.

पुण्यात ऑफिसमधून खोलीवर चालत यायचे. पंचवीस मिनिटं. रस्त्यात एकही माणूस मला हाक मारायचा नाही.

१४ नोव्हें., शुक्र.

लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय. मला पास व्हायचं नाही. मला जायचंय.

तीन वर्षं झाली. आईच्या आजारपणासाठी पंधरा दिवसांची बॅग घेऊन आले होते. ती बॅग अजून कपाटावर आहे, तिच्यात आता रजया.

हे लिहून लाज वाटली. उठून बाबांना शिरा करून दिला. "आज काय आहे?" म्हणाले. काही नाही म्हटलं.

१६ नोव्हें., रवि.

विशाखापट्टणमहून दादाचा फोन. दर रविवारी दहा मिनिटं. शेवटचं वाक्य ठरलेलं: "तू आहे ना तिथं, म्हणून मी निश्चिंत आहो." आज वाटलं म्हणावं, दादा, एक दिवस तू ये आणि मी निश्चिंत होते. म्हटलं नाही. "हो, ठेवते," म्हटलं.

१८ नोव्हें., मंगळ.

पुण्याहून मॅनेजर मॅडमचा कॉल. "कल्पना, तुझ्या टीमला लीड हवी आहे, मी तुझं नाव सुचवणार होते. पण ते ऑफिसातूनच करावं लागेल. तुझ्या लाइनचं कसं चाललंय?"

"छान चाललंय मॅडम."

"अरे वा," म्हणाल्या. दोघींनाही वाईट वाटलं, स्पष्ट ऐकू आलं. लाइन फारच स्वच्छ आहे आता.

बाथरूमचा नळ सोडून रडले. मग तोंड धुऊन दोनची हिरवी बघितली.

२० नोव्हें., गुरु.

बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं. दुपारी चहा घेताना टीव्ही बंद केला.

"तुले पुण्याले जाचं आहे का?"
"नाही."
"मंग परवा बाथरूममंदी रडून कावून रायली होती?"

मग सगळं सांगितलं. मीटर, लाल, हिरवी, आठवी. सांगता सांगता टीम लीडचंही निघालं.  सगळं झाल्यावर बाबा म्हणाले, सीताआत्याला फोन झाला आहे, मंगळवारीच. आत्या त्यांची धाकटी बहीण, तिरोड्याला मुलाकडे राहते, दिवसभर घरात एकटीच. "येतो म्हणते. तिचंई तिथं मन नाही लागत. मले सोबत होईन, तिले काम होईन."

मंगळवारी! दोन दिवस माणूस गप्प बसून होता.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट जास्तच अडकल्यासारखं झालं. आतापर्यंत बाबा होते, म्हणून मी इथे होते. आता काय म्हणू?

आणि मग मी म्हटलं ते लिहायला हात धजत नाही, पण म्हटलं खरं. "बाबा, मंग उद्या तुमीच लावून टाका ना दार. रोज लावत होते तसं."

म्हणजे आठवी लाल यांच्या हातून व्हावी. मी दादाला सांगायला मोकळी: बाबांनी दार लावलं, मी काय करू.

बाबांनी कप खाली ठेवला.

"दुसऱ्याचा टॅग मी आजवर काढला नाही. साहेबानं सांगतलं तरी नाही काढला. टॅग आहे म्हंजे पलीकडं कोणाचा तरी हात तारेवर असते. ज्यानं लावला त्यानंच काढाचा."

"इथं कोणाचाच हात नाही बाबा."

"तुया आहे ना."

२१ नोव्हें., शुक्र.

१० हि. २ हि. लाल सातच. मोजायची एकच राहिली.

सकाळपासून बाबा पेटीकडे बघतही नाहीत. जेवण झाल्यावर माझ्या खोलीत आले. आजारपणानंतर पहिल्यांदाच या खोलीत आले असतील. करगोट्याची किल्ली काढून लॅपटॉपशेजारी ठेवली.

"मुदत आज सरते टॅगची. वाढवाची असन तर तू वाढव. काढाची असन तर तू काढ, कुलूपई तूच लाव. मी विचारणार नाही."

दारात थांबले. "फक्त माह्यासाठी म्हणून लिहू नको त्याच्यावर काई."

गेले.

तेव्हापासून एकही फाइल नीट वाचली नाही. ऑफिसच्या कामातलं हॉस्पिटलचं बिल तीनदा उघडलं, तीनदा बंद केलं. आत्याचा चेहरा डोळ्यांसमोर येतो, मग पुण्याचा रस्ता, मग बाबांचा डावा हात गोळीचं पाकीट फोडताना. आत्या फोडून देईल. आत्याला चष्मा लागतो. तरी देईल.

राग आहे. बाबांनी एकदा नुसतं "जा" म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? किंवा "नको जाऊ." काहीही. छत्तीस वर्षांचा नियम आजच पाळायचा होता.

४:४०. वही घेऊन हॉलमध्ये आले आहे. पेटीपाशी उभी राहून लिहितेय. दिवा हिरवा, लुकलुकतोय. बाबा खुर्चीत, टीव्ही बंद.

गाठ मीच मारलेली, एका ओढीत सुटेल. 'कब तक'च्या रकान्यात २१ च्या पुढे 'कायम' मावेल एवढी जागा आहे. पेन हातात आहे, किल्ली पण. पेन चालवलं तर घर, किल्ली फिरवली तर पुणे.

४:५१. बाबा अजून खुर्चीतच आहेत. त्यांच्या चहाची वेळ केव्हाच होऊन गेली. आज सकाळपासून एकदाही "कल्पे" म्हणाले नाहीत.