पुढच्या खोलीची व्यवस्था

मी साहेबराव लिंबाजी गजभारे, वय सत्तावन्न, धर्म बौद्ध, धंदा शिक्षकी, विषय इंग्रजी, राहणार मौजे टाकळगाव, तालुका अहमदपूर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाची जबरदस्ती नाही. भीती मात्र आहे, आणि ती लपवली तर कागद खोटा ठरेल म्हणून तिचीही नोंद करतो. येत्या गुरुवारी हैदराबादला माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. मी जन्मभर सभांत बोललेला माणूस आहे. खोटा धीर मला आवाजावरून कळतो.

कलम १. घराचा जुना कागद उर्दूत आहे आणि पुढच्या नोंदींत जिल्हा उस्मानाबाद आहे. गेल्या ऑगस्टात लातूर वेगळा जिल्हा झाला. घर जागचे हललेले नाही, एवढे तलाठ्यांनी ध्यानात घ्यावे. मागच्या दोन खोल्या, अंगण आणि दिवाळीपासून कोरडा पडलेला आड माझी पत्नी केवळाबाई हिच्या मालकीचे होतील. पोस्टातली बचतही तिचीच. तिला वाचता येत नाही. मी शिकवायला बसलो की म्हणायची, "समदेच वाचाया लागले तर तुमचं ऐकंल कोण?" तिच्यापुढे कोणताही कागद नुसता सरकवू नये. आधी वाचून दाखवावा. ती 'हाव' म्हणाली तरच अंगठा घ्यावा.

कलम २. सभांत वापरायचा पत्र्याचा भोंगा वस्तीच्या विहाराला द्यावा, पण त्यातून माझी तारीफ करू नये. इंग्रजी-उर्दू शब्दकोश शाळेला. निजामाच्या अमदानीत माझे इंग्रजी उर्दूच्या जिन्याने वर चढले, आणि तेही वर्गाच्या दाराबाहेर बसून. ते दार मी विसरलेलो नाही. म्हणून अट एवढीच: पाने फाटली तर फाटू द्यावीत, शब्दकोश कपाटात कुलूपबंद करू नये.

कलम ३. आता पुढची खोली. झोप उडाली आहे ती हिच्यामुळे.

बहात्तरच्या दुष्काळात शाळा ओस पडली. पोरे आईबापांबरोबर खडी फोडायला गेली. मी फळा उचलून खडी केंद्रावर नेला. धडा एका परदेशी मुलीचा होता. तिचे घर बर्फात बुडते आणि ती आत अडकून पडते. पोरांनी निसर्गसौंदर्यावरचे पाठ केलेले उत्तर घडाघडा म्हणून दाखवले. शेजारी हातोडी चालवणाऱ्या पारूबाईने विचारले, ही पोरं काय म्हणतेत? पोरांनी तिला गोष्ट आपल्या बोलीत सांगितली. तिने हातोडी खाली ठेवली.

"मंग बर्फ इतळल्यावर ते पानी कुनाच्या हिरीत गेलं?"

पोरे पुस्तक उघडून शोधू लागली. पुस्तकात उत्तर नव्हते. तेव्हा त्यांनी ते स्वतः लिहिले, मोडक्या इंग्रजीत, पण स्वतःच्या. एकाने लिहिले, पाणी पाटलाच्या विहिरीत गेले. दुसऱ्याने लिहिले, मुलीने दार उघडून सगळ्यांना भरू दिले. त्यावर जे भांडण जुंपले, त्याला मी साहित्याचे शिक्षण म्हणतो.

तेव्हापासून माझ्या वर्गाचा नियम झाला. धडा घरी न्यायचा, वाचता न येणाऱ्या एका माणसाला सांगायचा आणि त्याचा प्रश्न घेऊन यायचे. दुसऱ्या दिवशीचा वर्ग त्या घरच्या प्रश्नापासून सुरू. संध्याकाळी पोरे पुढच्या खोलीत जमतात आणि मोठ्याने वाचतात. भिंतीवर काळा रंग दिलेला फळा आहे.

मुख्याध्यापक हणमंतराव या जमण्याला चावडी म्हणतात. मागच्या महिन्यात स्टाफरूममध्ये सर्वांदेखत म्हणाले, "गजभारे सर, आता आपला जिल्हा लातूर. तिथं निकाल बघतेत, तुमच्या पारूबाईला नाही." त्यांना पुढची खोली हवी आहे, तिथे तयार उत्तरे पाठ करून घेणारा वर्ग बसवायचा आहे. माणूस वाईट नाही. पण पाठ केलेले उत्तर म्हणजे दुसऱ्याने चावलेला घास, हे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे आणि इथेही सांगतो.

माझी मुलगी पंचशीला बिलोलीच्या शाळेत इंग्रजी शिकवते. सध्या रजा काढून घरी आली आहे. ती घरच्या प्रश्नाच्या बाजूची आहे, पण तिची रीत उलटी. आधी पोरांकडून लिहून घेते, मग बोलायला लावते. मला म्हणाली, "बाबा, तुमची पोरं सभा जिंकतील आणि पेपरात अडकतील." मला राग आला. तिचे खरे असेल या भीतीने जास्त आला.

म्हणून मसुद्यात मी असे लिहिले होते: पुढची खोली पंचशीलाला द्यावी, परंतु तिने आधी वाचन, मग चर्चा, शेवटी लेखन हा क्रम पाळावा, क्रम मोडल्यास खोली विहाराकडे जावी. याखाली आणखी सात पोटकलमे होती. कोणता धडा आधी, कोणता मग, फळा कोणी पुसायचा, सगळे.

मसुदा झाला आणि माझाच नियम मला आडवा आला. धडा असो की मृत्युपत्र, घरी वाचून दाखवायचे. काल दुपारी केवळाबाईला सगळे वाचून दाखवले. ती ज्वारी निवडत होती. यंदाची, बारीक दाण्याची. शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"म्हंजी मेल्यावर बी तुमीच शिकवणार का?"

तिने सूप उचलले आणि आत गेली.

सबब वरील अट आणि सातही पोटकलमे रद्द. पुढची खोली फळ्यासह पंचशीलाची, विनाअट. उद्या तिथे काय चालेल याची मला खात्री नाही, आणि खात्री मागण्याचा हक्क मी या ओळीने सोडून देत आहे.

कलम ४. माझ्या मागे दिवस घालू नयेत. वंदना घ्यावी आणि पुढच्या खोलीत कोणत्याही पोराने आपल्या आवडीचे एखादे पान वाचावे. चुकले तर थांबवू नये.

कलम ५. साक्षीला हणमंतरावांना मुद्दाम बोलावले, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की ऐकले नव्हते. दुसरे साक्षीदार कापडाचे व्यापारी गुरुबसप्पा. दोघांनाही सांगितले, प्रश्न विचारल्याशिवाय सही नाही. गुरुबसप्पांनी विचारले, खोलीची किल्ली कोणाकडे? किल्ली पंचशीलाच्या हातात दिली. हणमंतरावांनी कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, "सर, परीक्षा मार्चात हाय. उद्यापासून दहावी कोण घेणार?"

त्यात टोमणा नव्हता. पोरांचे उद्या काय होईल, ही माझीच भीती त्यांनाही आहे, हे मला इतक्या वर्षांत आज कळले.

सगळे पंचशीलाकडे पाहू लागले. तिने खडू घेतला आणि भिंतीवरच्या फळ्यावर दहावीचे उद्याचे काम लिहायला सुरुवात केली. पहिल्या ओळीत लेखन होते. वाचन तिसऱ्या ओळीत.

मी तोंड उघडले नाही. दोन्ही साक्षीदारांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे.

लिहून देणार: साहेबराव लिंबाजी गजभारे (सही)

आमच्यासमक्ष वाचले, विचारले आणि सही केली:
१. हणमंतराव, मुख्याध्यापक (सही)
२. गुरुबसप्पा, कापड व्यापारी (सही)

वाचून दाखवले, 'हाव' म्हणाली: केवळाबाई साहेबराव गजभारे (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम टाकळगाव, पुढची खोली. रविवार, दिनांक ९ जानेवारी १९८३.