बंगल्यावरची ड्यूटी

४ नोव्हेंबर, मंगळवार

मी नाही म्हणाले! तोंडावर. साहेबांच्या केबिनमध्ये उभी राहून. "उद्यापासून बंगल्यावर भांडी घासायला जाणार नाही. माझी नेमणूक ऑफिसात शिपाई म्हणून आहे."

साहेबांनी फाईलमधून मान वर केली नाही. "प्रियदर्शनी, तुझी परिविक्षा अजून संपली नाही. कायम करायचं की घरी बसवायचं, ते माझ्या शेऱ्यावर आहे."

म्हणजे धमकीच. तरी माझा आवाज कापला नाही. बरं वाटलं.

५ नोव्हेंबर

सासूबाईंना सांगितलं. वाटलं, शाबासकी देतील. कुठलं काय!

"माझ्या आनंदराजच्या माघारी, त्याच्या जागेवर मिळालेली नोकरी हाय ही. दोन भांडी घासल्यानं हात झिजायलेत का तुझे? मी जलमभर घासली."

घासली, खरं आहे. पण घरोघरची भांडी हे त्यांचं ठरलेलं काम होतं. माझं काम ऑफिसचं. टेबलावर पाणी ठेवीन, फायली वाहीन, टपाल पोचवीन. साहेबांच्या घरची खरकटी सरकारनं मला दिलेली नाहीत. आणि तीही मागच्या नळावर! स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, असं बाईसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं. आम्ही बौद्ध, म्हणून. तसं बोलल्या नाहीत, पण न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

माझ्याऐवजी मल्लम्माअक्काला पाठवलं. तीही शिपाईच, माझ्यापेक्षा जुनी. तिला स्वयंपाकघर खुलं, म्हणून भांडी आणि स्वयंपाक, दोन्ही. जिन्यात माझ्यावर खेकसली, "तू लई शहाणी! तुझं लचांड माझ्या गळ्यात पडलं की!"

दिवसभर लागलं ते. साहेबांचा राग आला की चेव तरी येतो. अक्काचं काय करू? म्हटलं, तूही नाही म्हण.

"मला न्हाई जमत, बाई."

११ नोव्हेंबर

नोटीस! 'वरिष्ठांच्या आदेशाचा अवमान, कामात कसूर.' कोणता आदेश, कोणतं काम — ते लिहिलेलंच नाही. कसं लिहिणार?

बसवराजअण्णा, आमचे हेडक्लार्क, हळूच म्हणाले, "माफी लिहून दे. मिटून जाईल."

मी लिहिलं, 'साहेबांच्या घरची भांडी घासण्यास नकार दिला. त्याची माफी मागणार नाही.' एक प्रत लातूरच्या वरिष्ठ कार्यालयाला. अण्णांनी कपाळाला हात लावला.

१२ नोव्हेंबर

आज सगळे डबे घेऊन दुसऱ्या खोलीत. एकटीच जेवले. मेथीची भाजी, पोटभर!

२४ नोव्हेंबर, सोमवार

परवा लातूरहून चौकशी येणार. साहेबांनी सगळ्यांना बोलावून पढवलं, "बंगल्यावर ऑफिसचं माणूस कधीच नव्हतं. स्वयंपाक आमच्या मिसेस स्वतः करतात." सगळ्यांच्या माना हलल्या. अक्काचीही.

घरी येऊन रडले. माझ्या एकटीचं कोण ऐकणार? ही नोकरी गेली तर निलंग्यात दुसरी कोण देणार? माझ्या लेकीची, अक्षराची शाळा, सासूबाईंची औषधं... तरी माघार नाही. नाहीच! सासूबाई बघत होत्या. उठून माझ्यापुढे चहा ठेवला.

२६ नोव्हेंबर

संविधान दिन. ऑफिसात उद्देशिका वाचली — सगळ्यात मोठा आवाज साहेबांचा!

मग चौकशी. मंजुश्री मॅडम आल्या होत्या. एकेकाला विचारलं. एकेकजण म्हणाला, "काही माहीत नाही." अक्काला साहेबांनी रजेवर दाखवलं होतं. माझं म्हणणं मॅडमनी लिहून घेतलं, चेहरा मात्र कोरा.

दुपारी साहेब त्यांना जेवायला बंगल्यावर घेऊन गेले. वरून कोणी आलं की इथं तीच रीत. ज्याची चौकशी, त्याच्याच घरी ताट! संपलं सगळं. अर्धा दिवस टाकून घरी आले.

२७ नोव्हेंबर

काल बंगल्यावर काय झालं, ते आज अक्कानं सांगितलं. मॅडम जेवता जेवता म्हणाल्या, "भाकरी फार सुरेख. वहिनी, तुम्हीच केल्या?"

"हो, मीच," बाईसाहेब म्हणाल्या.

वाढत होती ती अक्का. तिथंच थांबली. "मॅडम, भाकरी माझी हाय. मी रजेवर न्हाई. ह्यांच्याच हापिसातली शिपाई हाय मी."

मॅडमनी ताट सारलं, हात धुतले आणि तिचा जबाब तिथंच लिहून घेतला.

"एवढं धाडस कुठून आणलंस, अक्का?"

"कसलं धाडस! माझी भाकरी, अन् नाव तिचं? ते न्हाई सोसलं."